हिरव्या गवताबरोबर पेंढाही हवा

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की बांधांवर आणि पडीक जागांत कोवळे गवत तरारून येते. भेस्तानकडे कारखान्यांनी पुष्कळ जमीन व्यापली, तरी पावसाळ्यात अशा हिरव्या पट्ट्या दिसतातच. उन्हाळाभर पेंढ्यावर काढलेली गुरे मग दावणीला थांबत नाहीत, आणि धन्यालाही वाटते, चला, पेंढ्याचा खर्च वाचला! शेतकरी बंधूंनो, या घाईला माझा विरोध आहे.

गाय-म्हैस गवत स्वतः पचवीत नाही. गवतातील चिवट तंतू फोडणारा रस तिच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम तिच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या पोटातले, म्हणजे कोठीपोटातले, सूक्ष्म जंतू करतात. तिथल्या एका थेंबात ते कोट्यवधी असतात. जनावर चारा भराभर गिळते व मागाहून निवांत बसून दिवसाचे सहा-आठ तास रवंथ करते. रवंथीबरोबर सुटणारी लाळ पोटातला आंबटपणा मारते. जंतू चारा आंबवतात, त्यातून निघणारी सौम्य आम्ले पोटाच्या अस्तरातून रक्तात जातात, आणि जनावराची बहुतेक ताकद तीच. पुढे हे जंतूच चौथ्या पोटात जाऊन पचतात. त्यांतून प्रथिने मिळतात. म्हणजे आपण चारा घालतो तो आधी या जंतूंना!

आता पेंढ्यावर पोसलेले जंतू एका दिवसात कोवळ्या गवताला सरावत नाहीत. त्यास दोन-तीन आठवडे लागतात. तोवर पोट बिघडते, शेण पातळ होते. लसूणघासासारखा शेंगवर्गीय कोवळा पाला उपाशीपोटी भरपूर खाल्ला तर पोटफुगीने जनावर काही तासांत दगावते.

शिवाय कोवळ्या गवतात शंभर किलोंमागे ऐंशी किलो पाणीच. ४०० किलोंच्या दुभत्या म्हशीला रोज सुमारे १० किलो कोरडा अंश लागतो. नुसत्या गवतातून तो मिळवायचा तर ५० किलो गवत हवे. बांधावर फिरून एवढे कुठून मिळणार? पोट तट्ट दिसते, पण म्हैस अर्धपोटीच.

हिरव्या गवताला मी कमी लेखीत नाही. अ जीवनसत्त्व त्यातूनच मिळते. गाईच्या दुधाला पिवळी झाक येते ती गवतातल्या त्या रंगद्रव्याची. म्हैस ते सारे जीवनसत्त्वात बदलते, म्हणून तिचे दूध पांढरे. (आपली सुरती म्हैस नावाने सुरतेची, पण तिचा मूळ प्रदेश मही व साबरमती या नद्यांमधला.) मात्र दुधातली फॅट बरीचशी चाऱ्याच्या तंतूंतून येते. पावसाळ्यात मंडळीत फॅट कमी लागली की यंत्रावर संशय घेण्याआधी दावणीत पेंढा आहे का ते पाहावे.

सकाळी सोडण्यापूर्वी दोन-तीन किलो पेंढा वा कडबा खाऊ द्या. पहिल्या दिवशी तासभरच चारा, मग रोज थोडे वाढवा. डावी भकाळी फुगून ढोलासारखी वाजू लागली, तर घरगुती औषध नळीने पाजत बसू नका. ते श्वासनलिकेत गेले तर जनावर तिथेच संपते. ताबडतोब गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. पेंढ्याची गंज जमिनीपासून उंच रचा आणि बुरशी धरलेल्या पेंढ्या उकिरड्यावर टाका.