पेटंट घेऊन टाक ना!

गेल्या रविवारी रामदासपेठेत, सेंट्रल बाजार रोडवरच्या कॉफी शॉपमध्ये आमची ग्राफिक डिझायनर मैत्रीण तणतणतच आली. हातात लग्नपत्रिका. संत्र्याच्या झाडाखाली वारली नवरा-नवरी. डिझाइन तिचं, छापून विकली दुसऱ्यानंच. ना नाव, ना पैसे! 'बस झालं फ्रीलान्सिंग, जॉब बघते आता!' यावर ग्रुपमधल्या सॉफ्टवेअरवाल्याचा फंडा रेडी : 'काऊन बे, पेटंट घेऊन टाक ना!'

बॉस, इतकं सोपं नाही! पेटंटची माहिती देणारी सरकारी यंत्रणा १९८०पासून आपल्या नागपुरात आहे खरी. पण आपला पेटंट कायदा साहित्य, संगीत, चित्र, सिनेमा या सगळ्यांना चक्क दाराबाहेर ठेवतो. नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमलाही! (सॉफ्टवेअरवाला कॉफीत बुडाला.)

तिच्यासाठी आहे कॉपीराइट. चित्र काढलं की आपोआप मिळतो; हयातभर आणि नंतर ६० वर्षं. पण तो तिच्या चित्रावर, 'झाडाखाली वारली जोडपं' या कल्पनेवर नाही.

'मग कल्पनेवरही हवा ना हक्क!' ती.

'आणि वारली कुणाची?' मी विचारलं.

ती थांबली. पेटंट म्हणजे २० वर्षं इतरांना मनाई. वारली आकृत्यांवर कुणाचं असं पेटंट असतं, तर तिची पत्रिका जन्मालाच आली नसती!

म्हणून सगळं फुकट? मुळीच नाही. कोल्हापुरी चपलेचंच बघा. पेटंट नाही, पण २०१९मध्ये जीआय मिळालेला. जून २०२५मध्ये प्राडानं मिलानच्या रॅम्पवर तशाच चपला आणल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. इकडे बोंबाबोंब झाली, तेव्हा कंपनीनं प्रेरणा कुठली ते कबूल केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इथल्या कारागिरांकडून २००० जोड करून घ्यायचं ठरलं. चप्पल कुणीही घालावी, बनवावी. पण श्रेय आणि दाम ज्याचा त्याला!

माझं मत विचाराल, तर क्रिएटिव्ह माणसाला कुलूप नको, नाव हवं. आणि वेळेवर चेक!

त्याच टेबलावर आम्ही त्या छापणाऱ्याला मेल लिहिला. सोबत तिच्या तारीखवार ओरिजिनल फाइल्स. उत्तर अजून नाही. पण परवा तिनं नवी पत्रिका दाखवली. कोपऱ्यात बारीक सही, आणि मागे एक ओळ : 'वारली शैलीवरून'.

जॉबचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही!