गोरोबाकाकांचे थापटणे

आषाढी एकादशीच्या पुण्यपर्वावर घरोघरी टाळमृदंगाचा घोष चालला असता आम्हांस तेरणेकाठचे तेर आठवते. धाराशिव जिल्ह्यातील हे गाव संत गोरोबाकाकांचे. येथे संतमेळा जमला असता काकांनी मडकी पारखण्याचे थापटणे घेऊन प्रत्येकाचे मस्तक पारखले व नामदेवांना कच्चे ठरविले, ही आख्यायिका भाविकांस ठाऊक आहेच.

भजनात राजकारण नसावे, असे पुष्कळ जण म्हणतात. पक्षाचे राजकारण नसावे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु समाज कसा असावा, याचा आदर्श भजनात नाही, असे कोण म्हणेल? वारकऱ्यांचे भजन हे एकट्याचे गाणे नव्हे. एकाने चरण म्हणावा व साऱ्या टाळकऱ्यांनी तो उचलून धरावा, ही त्याची रीत. कुंभार गोरोबा, शिंपी नामदेव, माळी सावता, दासी जनाबाई आणि महार चोखोबा यांचे अभंग तेथे सारख्याच श्रद्धेने गाइले जातात. वारकरी एकमेकांच्या पायां पडतात. राज्यकारभारात प्रजेला कसलाच अधिकार नव्हता, त्या काळी सामान्य जनांनी समतेचे राज्य सुरांत उभारले.

मात्र हा सूर मंदिराच्या उंबरठ्याशी अडला होता. चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर. पण त्यांच्या ज्ञातिबांधवांना शतकानुशतके आत प्रवेश नव्हता. त्यासाठी साने गुरुजींना १ ते १० मे १९४७ असे उपोषण करावे लागले. त्यानंतर विठ्ठलाचे द्वार सर्वांस खुले झाले. त्या वेळी आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. संतांनी जे गाइले, ते घटनेने कायद्यात लिहिले.

आता उरले ते आपले काम. टाळ खाली ठेवल्यावर तो सूर गावच्या पंगतीत, पाणवठ्यावर, सोयरिकीत टिकतो काय? ज्याच्या चरणाला आपण साथ दिली, त्याच्या दुःखालाही देतो काय? आज काकांचे थापटणे आपल्या मस्तकावर पडले, तर नाद पक्क्या मडक्याचा निघेल काय? विठ्ठलासमोर हात जोडताना प्रत्येकाने हे आपल्याच मनास विचारावे.