दार कोणीं लावावें ?

तुर्भ्याच्या रस्त्यावरील मालमोटारींची रांग हा आमच्या संध्याकाळच्या फिरण्यांतील नित्याचा अडथळा होय. यांतील कित्येक मोटारी न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवर असतात. त्या बंदराचा व्यवहार केवळ जहाजें आणि याऱ्या यांवर चालत नाहीं, संगणकांच्या जाळ्यावर चालतो, याची प्रचीति २०१७ सालीं आली.

त्या वर्षीं जूनच्या २७ तारखेस युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या वाटेनें 'नॉटपेट्या' नांवाचा घातक प्रोग्राम बाहेर पडला, आणि मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचें जाळें त्यानें निकामी केलें. न्हावा-शेवा येथील तिच्या समूहाच्या धक्क्याचें कामहि खोळंबलें. वास्तविक ज्या छिद्रांतून तो शिरे, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. परंतु एका कच्च्या संगणकांतील पासवर्ड चोरून तो शेजारच्या दुरुस्त केलेल्या संगणकांतहि जाई. पुढें कंपनीस दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले. जाळ्याची मूळ नोंदवही मिळाली ती घाना देशांतील कचेरींत. तेथें ऐन वेळीं वीज गेल्यामुळें एक सर्व्हर जाळ्याबाहेर राहून बचावला होता. वीज गेल्याचा कोणास आनंद झाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या माहितींत नाहीं !

आतां प्रश्न असा कीं, वीज जाण्याची वाट न पाहतां तेंच काम योजनेनें कसें करावें. आमचे धाकटे चिरंजीव येथील औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत हेंच पाहतात. प्रत्येक संगणकांत एक पहारेकरी प्रोग्राम बसविलेला असतो. एखादा संगणक भराभर शेंकडों फायली बदलूं लागला, किंवा अवेळीं इतर संगणकांचीं दारें ठोठावूं लागला, कीं मध्यवर्ती यंत्रास वर्दी जाते. तें यंत्र त्या संगणकास तत्काळ जाळ्यापासून तोडतें, वापरणाऱ्याचें खातें बंद करतें, नोंदी जपून ठेवतें, व मग माणसास उठवितें. 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेस ६ तासांत कळवावें, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. पण आग कांहीं ६ तास थांबत नाहीं.

'आधीं तोडणें, मग सांगणें' हें आम्हांस रुचलें नाहीं. वडीलधाऱ्यांस न विचारतां दार लावणारा गडी एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास कसा रुचावा ? आणि पहिल्याच महिन्यांत आमची शंका खरी ठरली. महिनाअखेरच्या हिशेबांच्या प्रती काढणारा संगणक यंत्रास चोर वाटला. तो रात्रींच तोडला गेला, आणि सकाळपर्यंत माल फाटकाशीं अडकून पडला. मालक म्हणाले, "काढून टाका तें." घरींहि दोन दिवस जेवतांना कोणी फारसें बोललें नाहीं.

चिरंजीवांनीं तें काढलें नाहीं. फक्त त्याचा हात धरला. सहा आठवडे यंत्रानें नुसतें सांगावें, करूं कांहीं नये. त्या अनुभवावरून मालकांच्या सहीनें एक कागद तयार झाला. कारकुनांचे संगणक यंत्रानें आपण होऊन तोडावे. माल पाठविण्याचे व भट्टीचे मात्र माणसास विचारूनच. तो माणूस दहा मिनिटांत न भेटला तर दुसरा कोण, हेंहि नांवानिशीं लिहिलें. हा कागद आम्हीं वाचला, आणि आमचा आक्षेप यंत्रावर नसून बिनमर्यादेच्या अधिकारावर होता, हें आम्हांस उमगलें.

परवां रात्रीं अडीचाच्या सुमारास चिरंजीवांचा फोन वाजला. त्यांना चष्मा सांपडेपर्यंत एका कारकुनाचा संगणक तोडलाहि गेला होता. शेजारचे अकरा शाबूत होते. पहाटेपर्यंत ते नोंदी चाळीत बसले. सूनबाईंनीं दोनदां चहा केला, आणि कोणीं न विचारतां आम्हींहि एक पेला घेतला.