दिवे विकत घेतले, उजेडाचे काय?

‘एलईडीचे दिवे टिकत नाहीत, जुने सोडियमचे बरे होते,’ हे वाक्य आपण ज्या कोणत्या शहरात राहत असाल तेथे ऐकले असेल. ते चुकीचे आहे. पण त्यावर नगरपालिकेकडून मिळणारे ‘तंत्रज्ञान नवे आहे, अडचणी येणारच’ हे उत्तर त्याहून चुकीचे आहे. दोन्ही विधाने दोष दिव्याच्या माथी मारतात. माझ्या मते दोष आपल्या खरेदीच्या आणि हिशेबाच्या पद्धतीत आहे.

आधी दिवा समजून घेऊ. एलईडीच्या चकतीतून निळा प्रकाश निघतो आणि तिच्यावरील पिवळ्या फॉस्फरच्या लेपामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही चकती सहसा एकाएकी विझत नाही, ती मंदावत जाते. दिव्याचे आयुष्य ५०,००० तास असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ बहुधा मूळ प्रकाश ७० टक्क्यांवर येण्यास लागणारा काळ असा असतो. रोज १२ तास दिवा जळला तरी हा काळ अकरा वर्षांहून अधिक होतो. मग दोन पावसाळ्यांतच रस्ता अंधारात का जातो?

कारण विझतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हर. तारेतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या एसी विजेचे चकतीला मानवेल अशा स्थिर डीसी प्रवाहात रूपांतर करणारे हे छोटे यंत्र. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे आवरण पातळ करून वाचवलेले पैसे ड्रायव्हरच्या आयुष्यातून वसूल होतात. तीन फेजच्या वाहिनीवर न्यूट्रल तुटली, तर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या जवळपास दाब येऊ शकतो आणि रांगेतील अनेक दिवे एकदम जातात. वीज कडाडली की तारेतून दाबाची लाट येते. खांबाचे अर्थिंग नीट नसेल, तर तिला जमिनीत जाण्याची वाटच उरत नाही. रबरी पट्टी ढिली झाली की पाणी शिरते. यांतले एकही कारण अनपेक्षित नाही आणि प्रत्येकावर उपाय ठाऊक आहे.

तो उपाय निविदेत गळतो. वॅट, नग आणि दर हे तीन रकाने तुलनेला सोपे, म्हणून निवड त्यांवर होते. ड्रायव्हर किती दाब सोसेल, लाटेपासून संरक्षण आहे का, अर्थिंग कोण तपासणार, या प्रश्नांना रकाना असलाच तर तो कागदी प्रमाणपत्राने भरतो. ‘नियमच सर्वांत कमी दराचा आहे’ हा बचाव आता पुरा पडत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत कामे आणि सेवांसाठीही गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा ठेवली आहे. राज्यांना व नगरपालिकांना तोच मार्ग अनुसरता येईल. पण गुणवत्तेला भार दिला की निर्णयाची जबाबदारी अंगावर येते. कमी दराच्या आडोशाला ती येत नाही.

दुसरा दोष हिशेबाचा. ५ जानेवारी २०१५ रोजी राष्ट्रीय पथदीप कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात सव्वा कोटीहून अधिक दिवे बसले. ईईएसएल या सार्वजनिक कंपनीने भांडवल घालावे आणि नगरपालिकेने वीजबिलातील बचतीतून ते हप्त्याने फेडावे, अशी ही रचना. कागदावर ती निर्दोष आहे. पण बिल नियमित भरणाऱ्यालाच बचत रोख रूपात दिसते. ज्या नगरपालिकेचे पथदिव्यांचे बिल मुळातच थकलेले, तिच्या बाबतीत बचतीने फक्त थकबाकी वाढण्याचा वेग कमी होतो. हप्ता भरायला तिजोरीत काही येत नाही. अनेक ठिकाणी हप्ते थकले ते आश्चर्य नव्हे. हप्ता थकला की दुरुस्तीची गाडी येईनाशी होते.

या अंधाराची किंमत कोणत्याच रकान्यात नाही. ती रात्रपाळीहून परतणारी परिचारिका, खड्डा न दिसलेला सायकलस्वार आणि शिकवणीहून येणारी मुलगी चुकवतात.

उपाय अवघड नाहीत. कंत्राटाचा पैसा नगावर न देता, किती दिवे किती रात्री प्रत्यक्ष जळले यावर द्यावा. पथदिव्यांच्या प्रत्येक वाहिनीवर मीटर असावा आणि दुरुस्तीची रक्कम अन्यत्र वळवता न येणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवावी. अर्थिंग व न्यूट्रलची तपासणी पावसाळ्यापूर्वी व्हावी आणि तिच्या नोंदीवर अभियंत्याची सही असावी.

७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. पथदिवे तिच्या १७ व्या नोंदीत आहेत. नगरपालिकांकडे सोपवायचा हा विषय राज्यघटनेनेच नाव घेऊन सांगितला. तेव्हा पुढील निवडणुकीत उमेदवार आपल्या दारी येऊन किती दिवे लावले ते सांगू लागला, तर काल रात्री त्यांतले किती जळत होते आणि त्यांच्या दुरुस्तीचे पैसे कोणत्या खात्यात आहेत, एवढे त्याला अवश्य विचारावे.