मुखपृष्ठावरचे बारीक अक्षर

चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका किंवा खेळ यांच्या जगावर बेतलेल्या विज्ञान-कादंबऱ्या आणि अद्भुतिका म्हणजे टाय-इन कादंबऱ्या. त्यांतला आवडता लेखक कोण, हा प्रश्नच वेडगळ आहे असे एका विद्वानांनी नुकतेच ठणकावून सांगितले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. जग कंपनीचे, पात्रे कंपनीची, कथानकाला मंजुरी कंपनीची आणि शेवटी स्वामित्वहक्कही कंपनीचा. मग लेखकाचे उरले काय? टंकलेखन. म्हणजे असल्या पुस्तकांत आवडता लेखक शोधणे हे बँकेच्या पासबुकात आवडता कारकून शोधण्यासारखे झाले. शिवाय ही पुस्तके पैशासाठी घाईघाईने लिहिलेली, चांगले लेखक त्या वाटेला जात नाहीत, मुखपृष्ठावरचे नावसुद्धा खरे असेलच असे नाही, आणि कंपनीच्या मनात आले की सगळी पुस्तके एका फटक्यात रद्द. तेव्हा वाचकाने मालिकेचे नाव पाहावे, पुस्तक उचलावे, वाचून टाकून द्यावे. लेखकाचे नाव लक्षात ठेवणे हा भाबडेपणा.

पासबुकाची उपमा टाळ्या घेणारी आहे खरी. तिच्यामुळे पुस्तके न वाचण्याची सोयही उत्तम होते. विद्वानांचे दोन आक्षेप तर उभ्याउभ्याच निकालात काढता येतात. पैशासाठी आणि घाईने? दस्तयेव्स्कीने ‘जुगारी’ ही कादंबरी 1866 मध्ये कराराच्या धाकाने महिन्याच्या आत पुरी केली. चांगले लेखक या वाटेला जात नाहीत? ‘स्टार ट्रेक’च्या कथा पुस्तकरूपात आणणाऱ्या जेम्स ब्लिशला त्याआधीच ह्यूगो पुरस्कार मिळालेला होता, ‘द फॉरेव्हर वॉर’ लिहिणाऱ्या जो हॉल्डमनने त्याच मालिकेवर दोन कादंबऱ्या लिहिल्या, आणि ‘स्टार वॉर्स’च्या कादंबऱ्यांना नवे आयुष्य देणाऱ्या टिमथी झानच्या खात्यावरही ह्यूगो जमा होता. एवढी नावे ठाऊक नसतील तर निदान ‘चांगले लेखक’ हे शब्द जपून वापरावेत.

मुखपृष्ठावरच्या नावाचा मुद्दा मात्र आमच्या विद्वानांना फार प्रिय दिसतो, म्हणून त्याला चार ओळी देतो. ‘स्टार वॉर्स’ची कादंबरी 1976 च्या अखेरीस, म्हणजे चित्रपटाच्या काही महिने आधी बाजारात आली. तिच्यावर नाव होते जॉर्ज लुकसचे आणि लिहिली होती ॲलन डीन फॉस्टरने. हे खरेच आहे. पण यातून लेखक नव्हता हे कसे सिद्ध होते? लेखक होता आणि त्याचे नाव झाकले गेले, एवढेच सिद्ध होते. ज्याला लपवावे लागते तो अस्तित्वात असतो, हे सांगायला न्यायशास्त्र शिकावे लागत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. कथानक ठरलेले, पात्रे ठरलेली, शेवट ठरलेला, मग लेखकाच्या हाती काय? हा प्रश्न विचारणारा माणूस गृहीत धरतो की कादंबरी म्हणजे घटनांची यादी, आणि यादी दुसऱ्याने दिली की काम संपले. प्रत्यक्ष पुस्तके काय सांगतात ते पाहू. ‘फॅन्टास्टिक व्हॉयेज’ या चित्रपटाची कादंबरी 1966 मध्ये आयझॅक असिमॉव्हने लिहिली. एका शास्त्रज्ञाच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आहे. ती काढण्यासाठी पाणबुडी आणि तिच्यातली माणसे सूक्ष्म करून त्याच्या रक्तवाहिनीत सोडली आहेत. मुदत साठ मिनिटांची. त्यानंतर सगळे आपोआप मूळ आकाराला येणार. चित्रपटात पांढरी पेशी पाणबुडीला गिळते आणि उरलेली मंडळी डोळ्याच्या वाटेने अश्रूच्या थेंबातून बाहेर पडतात. प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतात. असिमॉव्हला मात्र प्रश्न पडला की पाणबुडी तर आतच राहिली! पेशीने गिळली म्हणून तिचे अणू कुठे नाहीसे होत नाहीत. साठ मिनिटे संपताच ती फुगणार आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो रुग्ण आतून फुटणार. म्हणून कादंबरीत त्याने त्या पांढऱ्या पेशीला माणसांच्या मागे लावले आणि गिळलेल्या पाणबुडीसकट शरीराबाहेर काढले. कथानक तेच, पात्रे तीच, शेवटही वरवर तोच. पण एका माणसाने विचार करून लिहिले की काय होते ते इथे दिसते. गंमत अशी की कादंबरी चित्रपटाच्या आधी प्रसिद्ध झाली आणि चित्रपटच तिच्यावरून काढला असे पुष्कळांना वाटत राहिले. टंकलेखकाबद्दल असा गैरसमज होत नसतो.

असिमॉव्ह मोठा होता, अपवाद होता, असे उत्तर येईल. ठीक. मग व्होंडा मॅकिन्टायर घ्या. 1982 च्या दुसऱ्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाची कादंबरी तिची. त्या चित्रपटात एका अंतराळस्थानकावरचे शास्त्रज्ञ मारले जातात. प्रेक्षकाला दिसतात ती मुख्यतः त्यांची प्रेते, आणि तीही खलनायक किती क्रूर आहे हे कळावे म्हणून. मॅकिन्टायरने त्या प्रेतांना आधी जिवंत केले. त्यांना नावे दिली, संशोधन दिले, आपसांतली थट्टा दिली. आपण शोधलेल्या सूक्ष्म कणांना लुईस कॅरलच्या कवितेतल्या काल्पनिक प्राण्यांची नावे देणारी दोन तरुण माणसे तिने उभी केली. त्यामुळे खलनायक स्थानकावर पोचतो तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो. पटकथेत हे नव्हते. कंपनीने पाठवलेल्या कुठल्याही टिपणात ‘मेलेल्यांबद्दल हळहळ वाटू द्या’ असा आदेश असण्याचा संभव नाही. तो निर्णय लेखिकेचा.

आणि शेवट ठाऊक असण्याचे काय? मॅथ्यू स्टोव्हरने 2005 मध्ये ‘स्टार वॉर्स’चा ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ हा चित्रपट कादंबरीरूपात लिहिला तेव्हा त्यातला नायक अनाकिन शेवटी खलनायक डार्थ व्हेडर होणार हे जगाला 1980 पासूनच ठाऊक होते. स्टोव्हरने ते लपवण्याचा प्रयत्नच केला नाही. जे व्हायचे ते होऊन गेले आहे, हे त्याने सुरुवातीलाच वाचकाला बजावले. मग मध्येच थांबून, वर्तमानकाळात, या क्षणी हे पात्र असणे म्हणजे नेमके काय, ते तो एकेका पात्रासाठी सांगत जातो. पडद्यावर अनाकिनचे पतन हा काहीसा घाईत उरकलेला प्रकार आहे. पुस्तकात त्याची भीती पानोपानी वाढताना दिसते. ठरलेला शेवट हे लेखकाचे पारतंत्र्य आहे म्हणणाऱ्यांनी कर्णाच्या कादंबरीत कर्ण वाचेल अशी आशा धरून ती वाचली होती काय? ‘मृत्युंजय’चा वाचक शेवट जाणूनच पहिले पान उलटतो. मोरोपंतांच्या श्रोत्यांनाही युद्ध कोण जिंकणार हे विचारावे लागत नव्हते. यावर आमचे विद्वान म्हणतील की व्यासांनी कोणाला कराराचा कागद पाठवला नाही, महाभारत सर्वांचे आहे आणि ‘स्टार वॉर्स’ एका कंपनीचे. फरक खरा आहे. पण तो मालकीचा आहे, लेखनाच्या गुणाचा नाही. मालक कंजूष असला, उर्मट असला, तरी त्यावरून पुस्तक वाईट ठरत नाही.

या निमित्ताने एक जुने भांडण आठवते. रूपांतर हे साहित्य की उसनवारी, यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शाई सांडली. स्वतंत्र नाटक श्रेष्ठ आणि रूपांतरित कनिष्ठ असे सांगणारे टीकाकार स्वतः संध्याकाळी रूपांतरित नाटकालाच पुढच्या रांगेत बसत. नाटक मंडळ्यांच्या दिवसांत कोणत्या नटाच्या वाट्याला किती पदे यायला हवीत हे पाहून नाटके लिहिली जात. मालकाच्या गरजेप्रमाणे लिहिलेले म्हणून ती नाटके कोणी साहित्यातून हद्दपार केली नाहीत, उलट त्यांतली पदे अजून गायली जातात. रहस्यकथांनाही वाचनालयाच्या वेगळ्या कपाटात ठेवून वर सोवळे पाळले गेले. त्या कपाटापुढची गर्दी मात्र कमी झाली नाही. तोच सोवळेपणा आता अंतराळयानापर्यंत जाऊन पोचलेला दिसतो. असो.

राहिला रद्द होण्याचा मुद्दा. 2012 मध्ये डिस्नेने लुकसफिल्म विकत घेतली आणि 2014 च्या एप्रिलमध्ये तोवरच्या ‘स्टार वॉर्स’ कादंबऱ्यांवर ‘लेजेंड्स’ असा शिक्का बसला. म्हणजे त्या घटना अधिकृत इतिहासात घडल्याच नाहीत. काल्पनिक घटना घडल्या नाहीत हे अधिकृतपणे जाहीर करायला एवढी मोठी कंपनी लागली, याची मौज आमच्या विद्वानांना वाटली नाही हे नवल. झानने 1991 मध्ये निर्माण केलेला थ्रॉन हा सेनानी रद्द झाला आणि 2016 मध्ये त्याच कंपनीच्या ‘रिबेल्स’ मालिकेत परत आला. मॅकिन्टायरने 1981 च्या कादंबरीत ‘स्टार ट्रेक’मधल्या सुलू या पात्राला हिकारू हे पहिले नाव दिले, ते दहा वर्षांनी चित्रपटात उच्चारले गेले. माझ्या बाजूचे बरेच लोक ही उदाहरणे विजयपताकेसारखी फडकावतात. मला ती तेवढी कामाची वाटत नाहीत. लेखकाचे मोल कंपनीने त्याचे काय उचलले यावर ठरवायचे असेल, तर मापाचा काटा पुन्हा कंपनीच्याच हाती गेला. मग विद्वानांचे काय चुकले?

तेव्हा आवडता लेखक निवडायचा तो दुसऱ्याच निकषावर. उसने काढून घेतल्यावर मागे काय उरते ते पाहायचे. या कसोटीला झान थोडा कमी पडतो. त्याचे डावपेच पक्के आहेत, पण त्याचे यश पुष्कळसे वाचकाला जुनी मंडळी पुन्हा भेटवण्यात आहे. टेरन्स डिक्सबद्दल आदर ठेवूनच बोलले पाहिजे. ‘डॉक्टर हू’च्या साठाहून अधिक कथा त्याने मुलांसाठी पुस्तकरूपात आणल्या, आणि त्या काळात बीबीसीने जुन्या भागांच्या फिती पुसून टाकल्या होत्या, त्यामुळे कित्येक भाग पाहायची सोयच उरली नव्हती. एका पिढीने ती मालिका त्याच्या पुस्तकांतून पाहिली. ही सेवा मोठी आहे, पण डिक्स स्वतःला बाजूला ठेवून लिहितो. फॉस्टर विश्वासू कारागीर. ‘एलियन’ या चित्रपटाची कादंबरी त्याच्याकडून, त्यातला प्राणी कसा दिसतो हे न दाखवता, लिहून घेतली गेली, तरी ती उभी राहिली. मॅकिन्टायर आणि स्टोव्हर शेवटपर्यंत शर्यतीत राहतात.

माझे मत जॉन एम. फोर्डला. 1984 ची त्याची ‘द फायनल रिफ्लेक्शन’ ही ‘स्टार ट्रेक’ची कादंबरी आहे आणि तिच्या मुख्य कथेत ‘स्टार ट्रेक’चे नायक जवळपास नाहीत. मालिकेत क्लिंगॉन हे शत्रू. भुवया वर करून धमक्या देणे एवढाच त्यांचा उद्योग. फोर्डने सगळी गोष्ट एका क्लिंगॉनच्या बाजूने सांगितली. मालिकेचा नायक कर्क तेच पुस्तक ऐतिहासिक कादंबरी म्हणून वाचतो आहे, अशी चौकट बाहेरून घातली, म्हणजे शत्रूच्या नजरेतून स्वतःकडे पाहण्याची पाळी नायकावर आणली. त्या समाजाला त्याने घराणी दिली, शिष्टाचार दिले, क्लिन झा नावाचा पटावरचा खेळ दिला. या खेळाच्या एका प्रकारात सोंगट्यांचा संच एकच असतो आणि दोन्ही खेळाडू त्याच सोंगट्यांनी खेळतात. सोंगट्या कोणाच्याच मालकीच्या नाहीत, चाल मात्र ज्याची त्याची. टाय-इन कादंबरीकाराची परिस्थिती याहून नेमकी कोणी मांडलेली माझ्या वाचनात नाही, आणि ती मांडली टाय-इन कादंबरीतच. तीन वर्षांनी याच लेखकाने त्याच जगात, पात्रे भर कथेत गाऊ लागतात असे प्रहसन लिहिले. दोन्ही पुस्तकांवर मालिकेचे नाव ठळक आणि एकच, आणि मालिकेचे नाव पाहून पुस्तक उचलणाऱ्याला पहिल्यानंतर दुसरे वाचताना घेरी येईल. पुढे पडद्यावरचे क्लिंगॉन निराळ्याच वळणाने गेले. फोर्डचे क्लिंगॉन फक्त त्याच्या पानांत राहिले, आणि पुस्तकाचे त्यावाचून काही अडलेले नाही.

फोर्डच का आणि मॅकिन्टायर का नाही, याचे माझे समर्थन याहून लांबत नाही, आणि ‘दोनच पुस्तकांवर एवढे?’ असे कोणी विचारले तर होय, दोनच. 2006 मध्ये तो गेला. मालिकेबाहेरचे त्याचे ‘द ड्रॅगन वेटिंग’ हे पुस्तक वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळवूनही कित्येक वर्षे बाजारात मिळत नव्हते, ते 2020 मध्ये पुन्हा निघाले. कंपनीच्या नावाने छापलेली त्याची पुस्तके मात्र जुन्या पुस्तकांच्या ढिगात पूर्वीपासून सापडत आली आहेत. विद्वानांना विनंती एवढीच की ‘द फायनल रिफ्लेक्शन’ अडीचशे पानांची आहे, आधी ती वाचावी. त्यानंतरही त्यांना झान किंवा स्टोव्हर पसंत पडला तर माझी तक्रार नाही.