बँड सोडला, म्हणजे कंपनीही सुटली का?

25 मार्च 2015 रोजी झेन मलिकने 'वन डायरेक्शन' हा ब्रिटिश बँड सोडला. बरोबर एका वर्षाने, 25 मार्च 2016 ला, त्याचा पहिला सोलो अल्बम 'माइंड ऑफ माइन' आला आणि अमेरिका व ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात 'फ्लॉवर' हे उर्दू गाणंही होतं. गाण्यांची निवड आता त्याच्या हातात होती. पण कंपनी?

बँडचं लेबल होतं 'सायको', तर झेनचा अल्बम काढला 'आरसीए'ने. नावं वेगळी असली तरी दोन्ही लेबलं सोनी म्युझिकशी जोडलेली.

संगीत उद्योगात हे नवं नाही. बँडशी करार करतानाच कंपन्या अनेकदा 'सोडून जाणाऱ्या सदस्या'बद्दल एक कलम घालतात. कोणी बाहेर पडलं, तर त्याचे सोलो अल्बम काढण्याचा पहिला हक्क कंपनीकडे राहतो. जुन्या रेकॉर्डिंगची मालकीही सहसा कंपनीचीच. कलाकाराला ठरलेली रॉयल्टी मिळते.

अर्थात, प्रत्येक जण त्याच घरात राहतो असं नाही. हॅरी स्टाइल्स सोनीच्याच 'कोलंबिया'कडे गेला, तर नायल होरन आणि लियाम पेन यांचे सोलो अल्बम प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलच्या लेबलांवर आले.

नव्या बँडसाठी यातला धडा साधा आहे. पहिल्या करारावर सही करताना वेगळं होण्याचा विचार कुणाच्याच मनात नसतो. पण वेगळं झाल्यावर काय होणार, हे त्याच कागदावर ठरतं.