बाही वर सारणारी माणसं

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला आता विजय दुर्ग म्हणायचं. लष्कराच्या पूर्व कमांडच्या या मुख्यालयाचं नवं नाव 2025 च्या सुरुवातीला सर्वांना कळलं. ते आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून घेतलंय आणि सेंट जॉर्ज गेटचंही शिवाजी गेट झालंय. आत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याचं अप्रूप आहे. बोलताना मात्र सगळे अजून ‘फोर्ट’च म्हणतात.

या फोर्टातून एका सुभेदारांच्या पत्नीचा मला फोन आला. माणसं सातारा जिल्ह्यातली. नवऱ्याच्या मेंदूच्या आवरणावर गाठ निघाली आहे, मेनिंजिओमा. अशी गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, हे डॉक्टरांनी त्यांना नीट सांगितलंय. शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली आहे. “ताई, दिवसभर फोन चालू असतो. सगळे म्हणतात धीर धरा, देव आहे. पोरीला परीक्षेला कोण नेणार, ते कुणी विचारत नाही. आणि हे तर बोलतच नाहीत. रात्री दोनला उठून बूट पॉलिश करत बसतात.”

मी आधी विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? यादीत डेक्सामेथासोन होतं. गाठीभोवतीची सूज उतरवायला हे स्टिरॉइड शस्त्रक्रियेआधी सर्रास देतात. ते कामाचं औषध आहे, पण झोप उडवतं, जीव अस्वस्थ करतं आणि बारीकसारीक गोष्टीवरून चिडायला लावतं. फिट येऊ नये म्हणून देतात त्या लेव्हेटिरासिटामनेही काहींचा स्वभाव पालटल्यासारखा वाटतो. म्हणजे रात्री दोनच्या त्या पॉलिशमागे थोडी भीती असेल आणि थोडी गोळी. घरच्यांना हे कुणी सांगत नाही आणि रुग्ण मनाशी धरून बसतो की आपण भित्रे निघालो. अशा वेळी डॉक्टरांना विचारायला हवं की स्टिरॉइडचा दिवसातला शेवटचा डोस दुपारीच घेतला तर चालेल का. पुष्कळदा चालतं. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही, स्टिरॉइड तर कधीच नाही.

फौजी माणसाच्या भीतीत आणखी एक गोष्ट असते आणि ती कवटी उघडण्याच्या भीतीहून मोठी असू शकते. मेडिकल कॅटेगरी. सैन्यात प्रत्येकाच्या तब्येतीचा हिशोब ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांच्या मोजमापात मांडलेला असतो आणि ‘शेप-वन’ म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. मेंदूची शस्त्रक्रिया झाली की कॅटेगरी खाली जाते, मग मेडिकल बोर्ड ठरावीक मुदतीने पुन्हा तपासतं. फिट येण्याची शक्यता असेपर्यंत वाहन आणि शस्त्र यांवर बंधनं येतात. बढतीची वाट बघणाऱ्या सुभेदाराच्या डोक्यात गाठीआधी हे घोळत असणार. त्याला ‘काही होत नाही हो’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण काहीतरी होणारच आहे. त्यापेक्षा युनिटमधल्या ज्याची कॅटेगरी खाली गेली आणि नंतर परत वर आली, अशा एखाद्याला त्याच्याशेजारी चहा प्यायला बसवावं.

नुसत्या शब्दांऐवजी कामाने धीर देण्याची एक जुनी गोष्ट फोर्टाच्या शेजारीच आठवली जाते. उत्तरेला मैदान ओलांडलं की ईडन गार्डन्स. तिथे दर वर्षी 3 फेब्रुवारीला बंगालची क्रिकेट संघटना रक्तदान शिबिर घेते. 1981 पासूनची ही प्रथा आहे आणि दिवस ओळखला जातो सर फ्रँक वॉरेल यांच्या नावाने. वेस्ट इंडिजच्या कप्तानाच्या नावाने कोलकात्यात रक्तदान का, हे नव्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

मार्च 1962. भारताचा संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर, कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर. ब्रिजटाऊनला बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा उसळता चेंडू त्यांच्या कानाच्या वर लागला. हेल्मेटचा जमाना अजून दूर होता. कवटीला तडा गेला आणि आत रक्त साकळलं. तातडीने शस्त्रक्रिया झाली. पुढे त्रिनिदादहून मेंदूचे सर्जन आले. कॉन्ट्रॅक्टर सहा दिवस बेशुद्ध होते. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त हवं होतं. ते द्यायला वेस्ट इंडिजचा कप्तान वॉरेल पुढे आला, आणि आपले पॉली उम्रीगर, पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी. (हेच नाडकर्णी पुढे 1964 मध्ये मद्रासला सलग 21 षटकं निर्धाव टाकून गेले. धीर कशाला म्हणतात ते त्यांना विचारायला हवं होतं.) कॉन्ट्रॅक्टर वाचले. वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. याच चँडींनी 1949 मध्ये देशातला न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग तिथे सुरू केला होता. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले, कसोटी मात्र नाही. ती पट्टी मुंबईत काढली गेली 2022 मध्ये, साठ वर्षांनी.

या गोष्टीतला रुग्ण बेशुद्ध आहे. त्याला घाबरायला सवडच मिळाली नाही. घाबरले असतील ते बाहेरच्या बाकावर बसलेले, परक्या बेटावरचे, विशी-तिशीतले खेळाडू. पण त्यांच्या हाताला काम होतं. बाही वर सारायची, सुई टोचून घ्यायची. आमच्या सुभेदारांचं उलटं झालंय. तारीख पुढची आहे, शुद्ध पूर्ण आहे आणि करायला काहीच नाही. ठरलेल्या शस्त्रक्रियेतला खरा छळ हा रिकामा वेळ असतो, आणि आपले लोक तो ‘सकारात्मक विचार करा’ अशा वाक्यांनी भरायला बघतात. मला हे वाक्य आवडत नाही. त्यात रुग्णावरच एक जबाबदारी येते. उद्या काही बिघडलं तर विचार कमी पडला म्हणायचे.

वेळ भरायचा तर माहितीने आणि कामाने भरावा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्रीबद्दल रुग्णाला आधीच सांगून ठेवा, कारण घबराट होते ती त्या रात्री. जाग येईल तेव्हा तो आयसीयूत असेल. लघवीची नळी असेल, कदाचित डोक्यातून एक बारीक नळी बाहेर आलेली असेल. दिवे जळत असतील आणि परिचारिका दर तासाला उठवून नाव विचारेल, हात दाबायला सांगेल, डोळ्यांत बॅटरी मारेल. हे रोज चालणारं काम आहे, काहीतरी बिघडल्याची खूण नाही. कपाळाच्या बाजूने शस्त्रक्रिया असेल तर डोळा सुजून मिटू शकतो. बायकोने हे ऐकलेलं नसेल तर ती काचेतून बघूनच कोसळते. डोक्याचे सगळे केस काढतीलच असंही नाही, आता बरेच सर्जन चिरेपुरतीच पट्टी भादरतात. आधी विचारून घ्यावं. शिखांच्या पलटणीत हा प्रश्न फार मोठा असतो.

भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या तपासणीला लोक रक्तदाब मोजून घेण्याइतकंच महत्त्व देतात. खरं तर मनातली भीती बोलायची ती जागा आहे. आदल्या रात्री झोप लागावी म्हणून द्यायचं औषध तेच ठरवतात. आणि त्यांच्यापाशी खोटं बोलू नये. गावाकडचा काढा, रक्त पातळ करणारी गोळी, हे सगळं सांगायचं. संध्याकाळची रमही. रोज घेणाऱ्याची ती एकदम तुटली तर शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो भ्रमिष्टासारखं वागू शकतो आणि डॉक्टर मेंदूत रक्तस्राव तर नाही ना म्हणून स्कॅनला धावतात. बायकोला खरं प्रमाण माहीत असतं. नवऱ्यासमोर ती बोलत नाही.

आता राहिली माणसं. मुंबईत ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया रुग्ण आणि नातेवाइकांच्या गटबैठका घेते, त्यात शस्त्रक्रिया होऊन गेलेले नव्यांशी बोलतात. डोक्यावरची जुनी चीर दाखवून ‘मला पण हेच वाटत होतं’ म्हणणारा माणूस जे करतो ते सर्जनला जमत नाही. कोलकात्यात मराठी माणसाला हे हवं असेल तर कुणीतरी ते जमवावं लागेल. फोर्टात सैनिकांच्या पत्नींची कल्याण संघटना आहे, हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे. बांगुर इन्स्टिट्यूट आणि मल्लिक बाजारचं न्यूरोसायन्सेस इन्स्टिट्यूट, दोन्ही याच शहरात. तिथे ईशान्येकडून आणि बिहारमधून लोक गाठोडी घेऊन येतात, बाहेरच्या फुटपाथवर रात्र काढतात. त्यांच्याइतके आपले लोक निराधार नाहीत, हेही लक्षात असू द्यावं.

करायचं फार नाही. महाराष्ट्र निवासात एक वही ठेवायची. ज्यांच्या घरात मेंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि जे बोलायला तयार आहेत, त्यांचा फोन, भाषा आणि शस्त्रक्रियेचं वर्ष. दुसऱ्या पानावर रक्तगट. अनेक रुग्णालयं रक्ताच्या बदल्यात रक्तदाते मागतात आणि परमुलखातल्या कुटुंबाला दोन माणसंही मिळत नाहीत. तिसऱ्या पानावर आठवडाभर एखाद्याची मुलं ठेवून घेऊ शकणारी घरं. फौजी लोकांची बदली होते, म्हणून ही वही दर गणपतीत नव्याने लिहायची. तेव्हा सगळे तिथे येतातच. नावं आरतीनंतर, प्रसाद वाटायच्या आधी मागावीत. प्रसाद हातात पडला की लोक पांगतात.